बोटाला लागलेला दाणा

अंगाला साबण लावता लावता तिचं बोट अडलं. अडलं म्हणजे तरी किती, दुसऱ्या एखाद्या बाईला ते कळलंही नसतं. पण तिच्या बोटांनी आयुष्यभर दुसरं काही केलंच नव्हतं. कापडगिरणीच्या तपासणी खात्यात ती लागली तेव्हा तिचं लग्नही व्हायचं होतं. मागावरून उतरलेलं लोकरी कापड उतरत्या टेबलावरून तिच्यापुढे सरकत यायचं आणि ती डोळे मिटून त्यावर बोटं फिरवायची. विणताना सूत तुटलं की विणकर गाठ मारून पुढे जातो. ती गाठ शोधायची, चिमट्याने वर उचलायची, कात्रीच्या टोकाने कापायची आणि राहिलेलं भोक सुईने असं भरायचं की पुन्हा तिचं तिलाही सापडू नये. नवशिक्या पोरी दिव्याखाली डोळे फोडत बसायच्या आणि ही मात्र आंधळ्यासारखी बसून त्यांच्या दुप्पट गाठी काढायची. खात्याचे मास्तर तिला 'भिंग' म्हणायचे. ते तिला आवडायचं, पण आवडतं असं तिने कधी दाखवलं नाही. आता तेच बोट, बायका स्वतःशीसुद्धा जिचं नाव घेत नाहीत अशा जागेच्या कडेला, एका दाण्यावर येऊन थांबलं होतं. दुखत नव्हता. खसखशीएवढा होता आणि जरा खरखरीत. बादली भरून पाणी खाली वाहू लागलं, बाहेरून लेकीने दोनदा दार वाजवलं, कॉलेजला उशीर होतोय म्हणाली, तरी हिचं बोट तिथून हलेना.

पहिले काही दिवस तिने मनाची समजूत काढली. घामोळं असेल. केस आत वळला असेल. गिरणीत दिवसभर बसून बसून घर्षणाने झालं असेल. समजूत छान पटायची, बाथरूमच्या दारापर्यंत. आत गेलं की हात आपला तिथेच, आणि दाणाही आपला तिथेच. एकदा लेक बाहेर गेल्यावर तिने हातातला आरसा घेऊन पाहण्याचा प्रयत्न केला. तो प्रकार इतका अवघड आणि इतका हास्यास्पद होता, की दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर ती पोट धरून हसली असती. आरशात जे दिसलं ते ओळखीचं नव्हतं. इतकी वर्षं हे आपल्याबरोबर वावरतंय आणि आपण कधी याचं तोंड पाहिलं नाही, असं वाटून ती ओशाळली. मग तिने करू नये ते केलं, फोनवर शोधलं. फोनचं एक आहे, त्याला काहीही विचारा, भयंकर उत्तर तो आधी देतो. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं वाढलेलं मांस, पुंजकेच्या पुंजके, चित्रांमागून चित्रं. तिने फोन पालथा घातला, पुन्हा उचलला. चामखीळ, असं खाली लिहिलं होतं. हाताला येते तशीच, साधी, ओळखीची. पण त्या जागेची निराळी, आणि ती शरीरसंबंधातून पसरते. हे वाक्य तिने किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. दर वेळी ते शेवटी तिथेच जाऊन थांबायचं.

कारण तिचा हिशेब फार सोपा होता, आणि सोपा होता म्हणूनच त्यातून सुटका नव्हती. तिच्या आयुष्यात एकच पुरुष आला होता आणि त्याच्याशी तिचं लग्न झालं होतं. तो बॉयलर फिटर. मोठे कारखाने दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हा याला बोलावणं येतं, मग तिकडेच कामगारांच्या खोल्यांत मुक्काम, पुन्हा घरी येईपर्यंत महिना उलटतो. असा नवरा असल्यावर शेजारणी काय बोलतात ते तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. तो होताच तसा. दारू नाही, पत्ते नाहीत, आला की आधी लेकीच्या डोक्यावर हात ठेवणार, मग घरातला गळका नळ शोधून तो उघडून बसणार. काजळी त्याच्या नखांतून कधी पुरती जायची नाही. लग्नाच्या पहिल्या दिवसांत तो हात लावायच्या आधी लिंबाच्या फोडीने नखं घासत बसायचा आणि ती पडल्या पडल्या ते बघत असायची. त्या आठवणीवर तिने इतकी वर्षं संसार केला होता. आता तिला त्या आठवणीचाही भरवसा वाटेना. कामाला बसल्या बसल्या ती सगळं पुन्हा हाताखालून घालू लागली. मागच्या खेपेला तो आला तेव्हा नेहमीपेक्षा गप्प होता का? त्याच्याआधी एकदा त्याने तिच्यासाठी उंची साबण आणला होता, तो कशासाठी? तिची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो रजा काढून आला, सासूचे पाय चेपत बसला, आणि त्याच दिवसांत आई झोपलेल्या खोलीच्या पलीकडे, अंधारात, चोरट्यासारखा तिच्याजवळ आला होता. ती रडत होती आणि तो तिला उगी करत होता. इतकी जवळ दोन माणसं येतात, असं तिला तोपर्यंत माहीतच नव्हतं. तेही तिने आता तपासायला घेतलं, आणि तपासणाऱ्या स्वतःच्या हाताची तिला किळस आली.

शेजारच्या टेबलावरच्या बाईला सगळं खातं 'रेडिओ' म्हणायचं, कारण ती सकाळी सुरू झाली की भोंग्यालाच बंद व्हायची. एरवी त्या बडबडीचा आधार वाटायचा. एक दिवस रेडिओ रंगखात्यातल्या कुणा बाईचं सांगू लागली. तिच्या नवऱ्याला म्हणे तसला आजार निघाला. तसला म्हणजे कसला, हे रेडिओने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी फक्त माना हलवल्या. तेव्हापासून त्या बाईच्या पेल्याने कुणी पाणी पीत नाही, ती धुण्याच्या नळावर गेली की बाकीच्या थांबतात. नवऱ्याचं काय, तो मिशीला पीळ देऊन फिरतोय. रेडिओचं त्यावर म्हणणं असं की बाईचंही काहीतरी असल्याशिवाय का नवरा बाहेर जातो. हिने हसल्यासारखं केलं आणि त्याच वेळी तिच्या बोटाखालून एक गाठ निसटून पुढे गेली. असं कधी झालं नव्हतं. तिने ताण देऊन कापड मागे ओढलं, गाठ शोधली आणि जरा वेळ तिच्यावर नुसतं बोट ठेवून बसली. या खात्यात नवशिक्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावून सांगतात: गाठ मोठी असली, संशयाची असली तर तिला आधी हात लावायचा नाही, मास्तरांना दाखवायची. गाठ बघूनच कळतं की ती कुठल्या मागावरची, कुणाच्या हातची. प्रत्येक विणकराची गाठ निराळी. डावखुऱ्याची उलटी बसते, म्हाताऱ्याची सैल, घाईत असलेल्याची दोनदा मारलेली. एकदा ती उपटून टाकली की मग कापडातलं ते भोक कुणालाच काही सांगत नाही. हे ती स्वतः कितीतरी पोरींना शिकवत आली होती.

घरी ती हळूहळू निराळी झाली. आपला टॉवेल तिने वेगळ्या खिळ्यावर टांगला, कपडे वेगळे भिजवू लागली, संडासातून आल्यावर हात धुवत राहायची. लेकीने विचारलं तर साबण बदललाय, अंगाला मानवत नाही, असं काहीतरी सांगितलं. मग एका संध्याकाळी, अभ्यास करून कंटाळलेली पोर लहानपणी यायची तशी येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. हिचं सगळं अंग ताठ झालं. असं मांडीवर डोकं ठेवून काही लागत नाही, हे तिने फोनवरच वाचलं होतं. वाचलेलं डोक्यात राहिलं आणि हातांनी पोरीचं डोकं उचलून बाजूला केलं. 'उठ, घामेजलेय मी,' ती म्हणाली. पोर उठली, आत गेली. हिला वाटलं, आत्ता आत जावं आणि तिला पोटाशी धरून ओक्साबोक्शी रडावं. पण कशासाठी रडतेस, असं तिने विचारलं असतं तर? जगातली सगळी दुखणी आईला सांगता येतात आणि हे एवढं एक सांगता येत नाही, आणि आई तर आता नव्हतीच. त्या आठवड्यात तिने उसनं अवसान आणून नाक्यावरच्या डॉक्टरांचा दवाखाना गाठला. पोरीच्या गोवरापासून तेच बघत आलेले, नवऱ्याशी त्यांची क्रिकेटवर गप्पांची बैठक. त्यांनी चष्म्यावरून बघून 'काय वहिनी, काय म्हणतोय आमचा फिटर' असं विचारलं आणि तिच्या तोंडाला कुलूप बसलं. पाठ दुखते, म्हणाली. त्यांनी पाठ दाबून बघितली, गोळ्या दिल्या, बसून काम करणाऱ्या बायकांना व्यायाम कसा हवा ते समजावलं. ती मान डोलवत राहिली. बाहेर पडल्यावर तिला स्वतःचा इतका राग आला की गोळ्यांची पुडी तिने तिथल्या तिथे गटारात टाकली.

मग नवऱ्याचा फोन आला. काम लवकर आटपलंय, शनिवारी येतोय, म्हणाला. आवाज खुशीत होता. लेकीसाठी काय आणू, तुझ्यासाठी काय आणू, सगळं विचारलं. हिने 'या' एवढंच म्हटलं. तो येणार म्हणजे जवळ येणार, आणि आपण आता त्याला काय सांगणार, पाठ दुखते? दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा कामाची पिशवी बाहेर खुंटीला होती, आणि तरीही चिमटा आणि कात्री तिच्या हातात होती. ती हत्यारं आत कशी आली हे तिला नंतर कितीही आठवून सांगता आलं नसतं. डोळे मिटून तिने बोटाने दाणा शोधला. तो लगेच सापडला, जरा मोठा झालेला वाटला. चिमट्याने वर उचलला आणि कात्रीचं टोक दाबलं. हाताने ते इतक्या सफाईने केलं, की क्षणभर तिला बरंच वाटलं, एक गाठ निघाली. मग कळ आली. दात ओठात रुतवून तिने आवाज दाबला. रक्त थांबेना. एवढ्याशा दाण्यात एवढं रक्त कुठून आलं हे तिला समजेना, ती गार पाणी ओतत राहिली, ओतत राहिली, आणि पाण्याबरोबर तो कण फरशीवरून जाळीत गेला. तो गेल्याचं बघितलं तेव्हाच आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं. भिजलेल्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या बसल्या तिला हसू आलं, कसंतरीच, आवाज नसलेलं. मास्तरांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, असं तिच्या मनात आलं, आणि मग ती रडायला लागली.

जखमेला दुसऱ्या दिवशी सूज आली, चालवेना, तेव्हा तिने गिरणीत रजा टाकली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली, जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही. 'त्वचा व गुप्तरोग' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या दाराबाहेर बाकावर माणसं बसली होती आणि प्रत्येक जण आपण नुसत्या त्वचेसाठी आलोय असा चेहरा करून होता. हिनेही तसाच केला. तिच्या शेजारी एक तरुण मुलगा सारखा कोपर खाजवत होता, तेही सगळ्यांना दिसेल असं. ती मनात म्हणाली, भाग्यवान आहेस बाबा, कोपर आहे तुझं. आत डॉक्टरीणबाई होत्या, तिच्याहून लहान, थकलेल्या. पडद्याआड झोपवलं, दिवा ओढला, आणि हिने छताकडे बघत हात घट्ट मिटून घेतले. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांच्या कापडावर असाच दिवा ओढला होता. बाईंनी वाकून नीट पाहिलं. मग म्हणाल्या, 'इथे जखम आहे. काय केलंत हे?'

हिने सांगितलं. चिमट्याचंही सांगितलं, कात्रीचंही. लाज सगळी संपल्यासारखी झाली होती. बाई रागावल्या नाहीत, उलट त्यांनी खुर्ची जवळ ओढली, आणि ते रागावण्यापेक्षा अवघड गेलं. काढलेला तुकडा आणला आहे का, असं त्यांनी विचारलं. वाहून गेला, ती म्हणाली.

'मग तो काय होता ते मला सांगता येणार नाही. साधा मांसाचा कोंब असू शकतो, चामखीळ असू शकते. बाकी कुठे काही दिसत नाही. जखम भरू दे, औषध देते. पुन्हा उगवलं तर लगेच या, हात न लावता.'

'पण चामखीळ असली तर,' हिने विचारलं, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, 'तर ती त्यांच्याकडूनच ना? माझं तर कुणी नाही दुसरं.'

बाईंनी पेन खाली ठेवलं. चामखिळीचा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, त्या सांगत होत्या. लग्नाआधीचाही असू शकतो. कुणाकडून, कधी, हे तो सांगत नाही आणि कुठल्या तपासणीत ते निघत नाही. त्यावर संसाराचा निकाल लावू नका, असं त्या म्हणाल्या. मात्र गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यायची, ती टाळायची नाही, कारण याच जातीचे काही विषाणू पुढे तिथे त्रास देतात. आणि मिस्टरांना घेऊन मंगळवारी यायचं, त्यांनाही बघायला हवं. हिने मान डोलवली. बाहेर येऊन ती दवाखान्याच्या आवारातल्या पायरीवर बसून राहिली. तिला कर्करोग शब्द ऐकू आला होता, जो बाईंनी उच्चारला नव्हता. आणि त्याहूनही आधी तिला हे ऐकू आलं होतं, की आता कधीच कळणार नाही. होय तर होय, नाही तर नाही, त्यातलं काहीही पदरात पडलं असतं तर तिने ते उचललं असतं. नवरा वाईट निघाला असता तर तिने आदळआपट केली असती, माहेरी भावाकडे गेली असती, परत आली असती. चांगला निघाला असता तर मनातल्या मनात त्याचे पाय धरले असते. या दोन्हीच्या मधे राहायचं कसं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. संशय घेऊन रोज त्याच्या ताटात वाढायचं, त्याच्या नखांकडे बघायचं, तो हसला की का हसला, गप्प बसला की का गप्प बसला. शेवटी दोघांपैकी एक जण मरेपर्यंत. समोर रुग्णांचे नातेवाईक डबे घेऊन येत-जात होते आणि त्यांच्यातल्या एखाद्याच्या मोडलेल्या हाडाचासुद्धा तिला हेवा वाटत होता.

शनिवारी तो दुपारीच आला. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, तिला आणलेली पर्स दिली, ती नाचत मैत्रिणीला दाखवायला पळाली. मग हात धुऊन तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसला, नेहमीसारखा, गुडघे पसरून. हिने चहा टाकला. तो तिकडच्या गमती सांगत होता, कारखान्यातला एक जण बॉयलरच्या आत झोपून गेला आणि सगळे त्याला बाहेर शोधत बसले, असं काहीतरी. तो सांगायचा छान. ती त्याच्याकडे पाठ करून पातेल्याकडे बघत होती आणि तिच्या मनात येत होतं, हे असंच चालू द्यावं. काही विचारू नये. जखम भरत आली आहे, पुन्हा उगवलंच नाही तर? बाईंनी तरी कुठे सांगितलं, होतंच म्हणून. किती घरांत बायका काय काय न विचारता राहतात आणि त्यांचीही पोरं मोठी होतात. चहा वर आला. तिने तो गाळला, त्याच्यापुढे ठेवला, आणि ठेवता ठेवता, आपण बोलणार आहोत हे तिला स्वतःला कळायच्या आत, म्हणाली, 'मंगळवारी कुठे जाऊ नका. मोठ्या दवाखान्यात आपल्या दोघांना बोलावलंय.'

कप उचलायला गेलेला त्याचा हात तसाच राहिला. कुठल्या डॉक्टरने बोलावलंय, हे त्याने विचारलं नाही. तुला काय होतंय, हेही विचारलं नाही. त्याने दाराकडे बघितलं, लेक जवळपास नाही ना म्हणून, आणि खालच्या आवाजात म्हणाला, 'तुलाही आलं का?'

तिला वाटलं होतं, कळेल तेव्हा आपण कोसळू. तसं काही झालं नाही. उलट ताप उतरताना होतं तसं सगळं अंग सैल पडलं आणि पहिल्यांदा जे वाटलं ते सुटल्यासारखंच वाटलं, त्याची तिला नंतर कितीतरी दिवस लाज वाटायची होती. मग त्या सुटल्यासारख्या वाटण्याच्या मागून दुसरं काहीतरी वर येऊ लागलं. तिने ओट्याची कड धरली.

'कधीपासून?'

'तुझी आई आजारी पडली ना, त्याच्या आधी,' तो कपाकडे बघत म्हणाला. 'एकदाच चुकलो गं. शपथेवर सांगतो, एकदाच. तिकडे डॉक्टरकडून जाळून घेतलं सगळं. तो म्हणाला होता, बायकोला सांगा. पण मला वाटलं, गेलंय आता. तू आधीच आईच्या काळजीने अर्धी झालेलीस, उगीच तुझ्या जिवाला आणखी घोर कशाला.'

शेवटचं वाक्य त्याने इतक्या मायेने म्हटलं, की ते खरं होतं याबद्दल तिला तिळमात्र शंका उरली नाही. त्याला खरंच तिची काळजी वाटली होती. तिची काळजी वाटली म्हणून तो गप्प राहिला होता, आणि त्याच काळजीने त्या अंधारात तिला उगी करायला जवळ आला होता. आता तो वर बघत नव्हता, त्याचे खांदे हलत होते, आणि एवढ्या मोठ्या माणसाला असं रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. एरवी तिने पदराने त्याचं तोंड पुसलं असतं. ती ओट्यापाशीच उभी राहिली.

'मंगळवारी लवकर निघावं लागेल,' ती म्हणाली. 'तिथे रांग असते.'